अडई की मोठी अडई?

कोल्हापूरच्या दक्षिणेला कात्यायनीच्या डोंगरांकडून येणारे पाणी अडवून कळंबा तलाव केलेला आहे. एका सकाळी तेथे तांबूस बदकांचा थवा दिसला आणि मी वहीत ‘मोठी अडई’ असे लिहून मोकळा झालो. काठाला म्हशी धूत असलेले आजोबा हसले. म्हणाले, “सायेब, बसल्यालं बघून कळत न्हाई. उडू द्या. मोठी असली तर बूड पांढरं दिसतंय.”

थोड्या वेळाने थवा शिट्ट्या घालीत उठला. शेपटीच्या मुळाशी सर्वांचा रंग तांबूसच! म्हणजे ती साधी अडई, लांबीला सुमारे ४२ सेंटिमीटर. मोठी अडई सुमारे ५१ सेंटिमीटर भरते. पण लांबून हा फरक कळत नाही. तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढुरकी चंद्रकोर आणि मानेमागे काळी रेघ असते. आपल्याकडे ती क्वचितच दिसते.

शेतकरी बंधूंनो, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघींच्याही शिकारीस बंदी आहे. अडई झाडाच्या ढोलीतही अंडी घालते. म्हणून पावसाळ्यात बांधावरचे जुने पोकळ झाड तोडण्यापूर्वी एकदा वर पाहा. माझी चूक वहीत खोडता आली. तोडलेले झाड पुन्हा उभे करता येत नाही.