उतारावरची येझदी

येझदी रोडकिंगला अनोळखी पाय लगेच कळतो. नवखा माणूस तिच्यावर बसला की आधी कीक शोधतो आणि ती त्याला सापडत नाही. उजवीकडे नुसता ब्रेक. डावीकडे एकच दांडा, तोही गिअरचा. हाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची कीक होते, आणि गाडी सुरू झाली की खाली येऊन तो पुन्हा गिअर होतो. हे ठाऊक नसलेले चोर हात हलवत परत गेले, अशा गोष्टी जुने येझदीवाले रंगवून सांगतात. त्यातल्या निम्म्या मला खऱ्या वाटतात.

अंगापिंडानं ती फार मोठी नाही. 248.5 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 16 अश्वशक्ती, चार गिअर. सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र दोन, दोन्ही बाजूंना एकेक. हा थाट आहे, आणि तो तिला शोभतो. चेन पूर्ण झाकलेली, कव्हरात आणि रबरी नळ्यांत. चिखल उडो, धूळ उडो, चेन आपली कोरडीठाक. मागचं चाक पंक्चर झालं तर ते चेनला हात न लावता निघतं. क्लचची केबल वाटेत तुटली तरी गिअरच्या दांड्यावर पाय पडला की आतला क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे गिअर बदलत बदलत घर गाठता येतं. रस्त्यावर एकटं पडलेल्या माणसाचा विचार करून कुणीतरी ही गाडी बनवली आहे, हे तिच्या खोडी काढताना आपण विसरतो.

खोडी आहेतच. सकाळी ती एका कीकमध्ये कधी बोलायची नाही. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, मग कार्बोरेटरवरचं छोटं बटण दाबून धरायचं, पेट्रोल बोटाला लागेपर्यंत. मग दोन कीक नुसत्या, किल्ली न लावता. तिसरी खरी. एवढं झाल्यावर ती निळा धूर सोडते, शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी नाव घेतं, आणि पहिली दहा मिनिटं ती गळा साफ करणाऱ्या गवयासारखी खाकरत राहते. त्या वेळात तिच्याकडून काही मागायचं नाही.

या डिसेंबरात जावा-येझदीवाल्यांचा एक जथा पुण्याहून मैसूरला निघतो आहे, आणि माझी रोडकिंगही त्यात आहे. जाताना 950 ते 1,000 किलोमीटर आणि तेवढंच परत. मैसूर कशासाठी, हे यातल्या कुणाला सांगावं लागत नाही. 1961 पासून तिथल्या यादवगिरीत ‘आयडियल जावा’च्या कारखान्यात या गाड्या बनत होत्या. आधी टाकीवर जावा हे नाव असे, 1973 नंतर येझदी. रोडकिंग आली 1978 साली. 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात धाकटी रोडकिंगसुद्धा आता वयात आलेली सोडाच, केस पिकलेली आहे.

अशा गाडीची लांबच्या रॅलीसाठी तयारी म्हटली की लोक पहिली चूक करतात ती इंजिन उघडण्याची. निघायच्या आदल्या आठवड्यात बोअर, नवा पिस्टन, नव्या रिंगा. गाडी चकाचक, मालक खूश. पण नवा पिस्टन आणि नव्या रिंगा सिलिंडरमध्ये बसायला काही शे किलोमीटर सबुरीनं चालावं लागतं. ते किलोमीटर हायवेवर, जथ्याच्या वेगात, भर दुपारी कापले की निपाणीच्या पुढे कुठेतरी पिस्टन जाम होतो आणि माणूस टेम्पो शोधतो. माझं मत साधं आहे. जे उघडायचं ते सरावाच्या फेरीआधी उघडायचं. फेरी झाली की पाने-पकडी ठेवून द्यायच्या. प्लग बदलावा, टायरची हवा बघावी, बाकी हात लावू नये.

आणि सरावाची फेरी म्हणजे नुसता हायवे नव्हे. सपाट रस्त्यावर येझदी गोड वागते. तिचा स्वभाव कळतो तो घाटात, त्यातही उतारावर. म्हणून रस्ता निवडला तो असा: पुण्याहून खंबाटकी ओलांडून वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, तिथून महाड आणि वरंधा घाटानं भोरमार्गे परत. साधारण 300 किलोमीटर. पहाटे निघालं की थांबत थांबत अंधाराआधी घरी. अंधाराआधी, कारण रेस कमी झाली की तिचा दिवा मिणमिणतो, आणि वरंध्यात मिणमिणत्या दिव्यावर वळणं घेण्याची हौस मला नाही.

खंबाटकीला ती काहीच बोलली नाही. पसरणी ती तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चढली, दोन्ही सायलेन्सर एका सुरात, मागे निळी रेघ ठेवत. चढ हा तिचा प्रांत. खालच्या वेगाला खेचण्याची ताकद तिच्यात भरपूर आहे. नव्या 150 सीसीच्या पोरांना जिथे दोन गिअर पाडावे लागतात तिथे ती जोर न करता पुढे सरकते. अशा वेळी मालकाच्या मनात जो फाजील अभिमान येतो तो येऊ द्यावा. आंबेनळी पुढेच असते.

आंबेनळी म्हणजे 1,300 मीटरहून उंच असलेल्या महाबळेश्वरवरून थेट कोकणात, सुमारे 40 किलोमीटरची उतरण. घाटाच्या तोंडाशी पाट्या असतातच, गाडी न्यूट्रलमध्ये उतरवू नका म्हणून. सल्ला योग्य आहे. इतर बहुतेक गाड्या खालच्या गिअरमध्ये टाकाव्यात, रेस सोडावी आणि इंजिनाच्या जोरावर सावकाश उतराव्यात. येझदीचं गणित इथेच वेगळं पडतं. तिच्या पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. माझ्या मिस्त्रींचं माप लिटरला 40 मिलीचं. वेगळी ऑइलची टाकी नाही, पंप नाही. म्हणजे रेस बंद केली की पेट्रोल थांबतं, आणि पेट्रोल थांबलं की तेलही थांबतं. चाकं मात्र उतारानं फिरत असतात आणि इंजिनाला आपल्यासोबत गरगर फिरवत असतात. आत कोरडा पिस्टन वर-खाली पळतो आहे आणि वर बसलेला माणूस देखावा बघतो आहे. या उतारावर बऱ्याच चांगल्या गाड्या जाम झाल्या आहेत, आणि दर वेळी दोष गाडीला दिला गेला आहे.

मग ब्रेकवर उतरावं? दोन्ही चाकांना ड्रम. सतत दाबून ठेवले की तापतात, आणि तापले की लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी गाडी ऐकत नाही. दोन्ही बाजूंनी अडचण. यातून जी रीत निघते ती पुस्तकात वाचून पायाला येत नाही. गाडी गिअरमध्येच ठेवायची, प्रत्येक दोन-तीन वळणांनी क्लच ओढून रेसला एक हलका झटका द्यायचा म्हणजे इंजिनाला तेलाचा एक घोट मिळतो. ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. वळणाआधी दाबायचे, सोडायचे. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. पिस्टन आवळायला लागला तर आधी आवाजात बारीक किणकिण येते, मग ओढ कमी होते, आणि त्यानंतर मागचं चाक अडकायला फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात क्लच ओढला तर आपण रस्त्यावर, नाही तर दरीच्या बाजूला. कुंभरोशीला, प्रतापगडाच्या फाट्यावर, चहासाठी थांबायचं ते चहासाठी नसतं. ड्रम हाताला सोसवतील इतपत निवले की पुढे.

तिथे चहाच्या टपरीवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीचं झाकण उघडायला लावलं, वास घेतला आणि म्हणाले, “ऑइल जरा जास्त घालता तुम्ही.” मी म्हटलं, “घाटासाठी घातलंय, काका.” त्यावर ते मान हलवून बसले. जुनी येझदी बघितल्यावर सल्ला न देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पोलादपूर ते महाड हा हायवेचा तुकडा लहान, पण शिकवणारा. सपाट रस्त्यावर एकाच रेसला धरून पळवली की ती घाटापेक्षा जास्त तापते. सत्तरच्या वर काटा गेला की दहा मिनिटांत इंजिनातून येणारी धग मांडीला जाणवते. साठ-पासष्टला ती दिवसभर चालेल. मैसूरच्या वाटेवर बेळगावपासून चित्रदुर्गापर्यंत रस्ता सरळसोट आहे, आणि खरा मोह तिथे होणार आहे. वरंधा चढताना, शिवथरघळीचा फाटा मागे टाकल्यावर, ती पुन्हा आपल्या रंगात आली. नीरा-देवघरच्या पाण्याकाठी उन्हं कलताना थांबून प्लग काढला. काळा काजळलेला असता तर पेट्रोल जास्त; पांढराफटक असता तर हवा जास्त, आणि ते जिवाशी. निघाला तो बिस्किटाच्या रंगाचा. याहून चांगलं प्रशस्तिपत्र टू-स्ट्रोक गाडी देऊ शकत नाही.

फेरीत तिनं दोन तक्रारी केल्या. पुढच्या ब्रेकची केबल ताणली गेली आहे आणि उजव्या सायलेन्सरच्या तोंडाशी तेल ओघळतं आहे. केबल बदलली. सायलेन्सरमधला कार्बन जाळून साफ केला. मिस्त्री म्हणाले, “आता उघडलंच आहे तर हेडही बघून टाकू का?” मी चहा मागवला आणि विषय बदलला.

पहिला मुक्काम चित्रदुर्गला ठरला होता, तो माझ्यापुरता हुबळीला आणला आहे. नव्या गाड्यांवरची पोरं दुपारीच पुढे निघून जातील. त्यांना सांगून ठेवलं आहे की मैसूरला माझ्यासाठी तळमजल्यावरची खोली घ्या, आणि गाडी उभी करायला सावलीची जागा.