मार खाणारा माणूस

१९८२च्या नोव्हेंबरात मी ऑस्टिनला शिकत होतो. थँक्सगिव्हिंगची सुट्टी, होस्टेल ओस पडलेलं. शुक्रवारी रात्री आम्ही मराठी पोरं खिचडीची ताटं घेऊन टीव्हीपुढे बसलो. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये हेवीवेटची जागतिक लढत होती: लॅरी होम्स विरुद्ध रँडल ‘टेक्स’ कॉब.

लढत कसली, १५ राउंड नुसती धुलाई! होम्सचे ठोसे तोंडावर सटासट बसत होते आणि हा बाबा पुढेच सरकत होता. चेहरा पार सुजला, पण गडी एकदाही आडवा झाला नाही. दोनच आठवड्यांपूर्वी लास व्हेगासच्या लढतीत मार बसून कोरियाचा किम डुक-कू दगावला होता. त्यामुळे आम्हाला घास जाईना. समालोचक हॉवर्ड कॉसेल तर लढत थांबवत नाही म्हणून पंचावरच घसरला. त्यानंतर त्याने व्यावसायिक बॉक्सिंगचं समालोचन कायमचं सोडलं. कॉब पुढे मिस्कीलपणे सांगायचा, की आपण या खेळाला दिलेली भेट ती हीच!

या मिस्कीलपणातच नट होता, असं मला वाटतं. ‘द चॅम्प’मध्ये (१९७९) तो आधीच बॉक्सर म्हणून झळकला होता, पण त्यात नवल ते काय? खरा कॉब मला दिसला तो कोएन बंधूंच्या ‘रेझिंग अ‍ॅरिझोना’त (१९८७). मोटारसायकलवरचा राकट माणूसशिकारी, अंगावर हातबाँब लटकवलेले आणि सोबत तान्ह्या बाळाचे बूट! संवाद मोजके. पण ते बूट त्याच्या अंगावर पाहिले, की हसावं की घाबरावं कळत नाही. नुसत्या आडदांड देहावर हे जमत नाही. ‘एस व्हेंचुरा’च्या (१९९४) सुरुवातीला बॅट घेऊन जिम कॅरीच्या गाडीची काच फोडणारा दांडगाही हाच. माझी मुलं त्या प्रसंगाला खो-खो हसायची. ह्याला एकेकाळी मार खाताना पाहिलंय, हे सांगून त्यांना पटायचं नाही.

त्याला मोठी भूमिका कधी मिळाली नाही. सिनेमात आणि टीव्हीवर गुंड, पहारेकरी, दांडगोबा हेच वाट्याला आलं. दिग्दर्शकांनी त्याचा जबडाच जास्त पाहिला, ही माझी तक्रार आहे. डोकंही होतं त्याला. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातून २००८ साली, वयाच्या ५७व्या वर्षी तो पदवीधर झाला, तोही विशेष गुणवत्तेसह.