‘इरावती’ हे काय नाव झालं?

मुलीचं नाव ठेवायचं म्हटलं की घरात लगेच चार पक्ष पडतात. आजीला देवीचं नाव हवं असतं, आत्याला सगळ्यांहून वेगळं, बाळाच्या बाबांना दोन अक्षरी, आणि बाळाच्या आईला काय हवंय हे सगळ्यांत शेवटी विचारलं जातं. माझ्या धाकट्या जावेला मुलगी झाली तेव्हा मी ‘इरावती’ हे नाव सुचवलं. तिला ते एकदम आवडलं. बाकीच्यांना मात्र नाही.

सासूबाई म्हणाल्या, “इरावती हे काय नाव झालं? हाक मारता मारता फोडणी करपायची!” दीर म्हणाले, “इंग्रजी फॉर्मवर प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग लिहील.” आणि मामेसासूबाईंनी तर शेवटचा हुकमी पत्ता टाकला. “नदीचं नाव ठेवू नये गं. नदीच्या नावाची मुलगी सून करून घेऊ नये, असं शास्त्रात सांगितलंय.”

बी.ए.ला माझा विषय संस्कृत होता. आता मी शाळेत अर्धा दिवस मराठी शिकवते. त्यामुळे एखादा शब्द समोर आला की त्याचं मूळ शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. बारशाला अजून आठ दिवस होते. दुपारचं आवरलं की मी जुनी पुस्तकं काढून बसू लागले.

‘इरा’ म्हणजे पाणी, अन्न, तृप्त करणारी कोणतीही गोष्ट. ती जिच्याजवळ भरपूर आहे ती इरावती. ऋग्वेदातल्या विष्णूच्या एका सूक्तात आकाश आणि पृथ्वी या जोडीलाच हे विशेषण लावलेलं आहे. म्हणजे हे आधी विशेषण होतं, नदीचं नाव नंतर झालं. ही नदी कोणती? तर पंजाबातली रावी. वेदात तिला परुष्णी म्हणतात. सुदास राजाचं दहा राजांशी झालेलं प्रसिद्ध युद्ध तिच्याच काठी झालं. यास्काने निरुक्तात सांगून ठेवलं आहे की इरावतीलाच परुष्णी म्हणतात. पुढे लोकांच्या तोंडी घासून घासून इरावतीची ‘रावी’ झाली. सासूबाईंची हाकेची अडचण पंजाबी बायकांनाही आली असणार!

आपल्याकडे आंघोळीच्या वेळी ज्या सात नद्यांची नावं घेतात त्यांत गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी आहेत. इरावती नाही. घरोघरी गंगू, यमू, गोदू, सरू, सिंधू झाल्या आणि इरावती मागे राहिली, त्याचं एक कारण हे असावं. जे नाव रोज कानावर पडतं, तेच पाळण्यापर्यंत पोहोचतं.

पुराणांत मात्र ती भेटते. रामायणात इंद्राच्या ऐरावत हत्तीची आई इरावती आहे. भागवतात परीक्षित राजाची राणी आणि जनमेजयाची आई इरावती आहे. आणि मला सर्वांत आवडलेली इरावती कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त आहे. ती अग्निमित्र राजाची धाकटी राणी. राजा मालविकेच्या मागे लागलेला ती डोळ्यांनी पाहते आणि कमरेची मेखला काढून त्याच्यावर उगारते. राजा पाया पडतो, तरी ती ऐकत नाही, निघून जाते. त्या अंकात ती थोडी मद्य घेऊन आलेली असते, आणि गंमत अशी की ‘इरा’ शब्दाचा एक अर्थ मद्य असाही आहे. कॉलेजात आम्ही मुली या राणीला हसायचो. आता लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मला तिचा राग पुष्कळच समजतो!

मग हे नाव मराठी घरात आलं कुठून? तर ब्रह्मदेशातून. तिथल्या सर्वांत मोठ्या नदीचं नावही इरावती. ती उत्तरेच्या डोंगरांतून निघते आणि मंडालेवरून वाहत दोन हजारांहून अधिक किलोमीटर जाऊन समुद्राला मिळते. आज तिथे एयावडी अशा काहीशा उच्चाराने ते नाव घेतात, पण त्याचं मूळ संस्कृतच. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं ज्या मंडालेच्या तुरुंगात होते, ते मंडाले याच नदीकाठचं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, आणि नोकरीधंद्यासाठी आपली माणसं तिकडे जात. गणेश हरी करमरकर हे त्यांतलेच एक. ते तिथे कापसाच्या कंपनीत होते. १५ डिसेंबर १९०५ रोजी नदीकाठच्या मिंज्यान गावी त्यांना मुलगी झाली. त्यांनी तिचं नाव त्या नदीवरून इरावती ठेवलं.

त्याच इरावती कर्वे. सातव्या वर्षी त्यांना पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवलं. पुढे त्यांनी बर्लिनला जाऊन १९३० साली डॉक्टरेट मिळवली. डेक्कन कॉलेजात त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं आणि मानववंशशास्त्र व समाजशास्त्रात मोठं काम केलं. ‘युगान्त’ तर तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. १९६७ सालचं ते पुस्तक, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात ‘इरावती’ म्हटलं की आजही आधी त्यांचीच आठवण होते. त्यानंतर एखादीला अभिनेत्री इरावती हर्षे आठवेल. पण एवढं मोठं माणूस होऊन गेल्यावरही नाव फारसं पसरलं नाही. वीस वर्षांच्या जुन्या कॅटलॉगांतून, म्हणजे आमच्या शाळेच्या हजेरीपटांतून, मी शोधलं. एक इरावती सापडली. एकच!

आता मामेसासूबाईंच्या शास्त्राकडे वळते. ते खोटं नव्हतं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात खरंच म्हटलं आहे की नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये. पण आपल्या आज्या-पणज्यांनी ते कुठे ऐकलं? गंगा, गोदा, कृष्णा अशी नावं त्यांनी हौसेने ठेवली, आणि त्या मुलींची लग्नंही झाली. फरक एवढाच, की लग्नात ती नावं गेली.

हे मला वाचता वाचता लक्षात आलं आणि मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. आपल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी. त्यांचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे यांचंही माहेरचं नाव यमुना. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी पुनर्विवाह केला त्या आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे. त्यांचं माहेरचं नाव गोदावरी, गोदूबाई. दोन यमुना आणि एक गोदावरी, तिघींची नावं मांडवात बदलली. आज त्यांची माहेरची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

आणि या गोदूबाईंचीच सून म्हणजे इरावती. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर कर्वे यांच्याशी लग्न होऊन त्या करमरकरांच्या कर्वे झाल्या, पण इरावती त्या इरावतीच राहिल्या. सासूची नदी लग्नात आटली, सुनेची वाहत राहिली. एका पिढीत एवढं झालं.

त्यांचा ‘परिपूर्ती’ नावाचा लेख मी दर वर्षी दहावीच्या मुलींना वाचायला देते. एका समारंभात त्यांची ओळख करून देताना कोणाची सून, कोणाची पत्नी, असं सगळं सांगितलं जातं, तरी त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग रस्त्यात शाळकरी मुलं त्यांच्याकडे बोट दाखवून आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात आणि ती ओळख त्यांना पूर्ण वाटते. काही मुली यावर चिडतात. “एवढ्या शिकलेल्या बाईंनी असं का लिहावं?” म्हणतात. मी त्यांना सांगते, अगं, ज्या बाईचं नाव जागच्या जागी आहे, तिला नात्यांची भीती वाटत नाही. सून व्हा, आई व्हा, काकू व्हा. नाती नावाला जोडावीत, नाव पुसून त्याच्यावर लिहू नयेत.

माझ्या आजीचं माहेरचं नाव कृष्णा होतं, हे मला ती गेल्यावर तेराव्या दिवशी तिच्या भावाकडून कळलं. सत्तर वर्षांत त्या नावाने तिला हाक मारणारा तो एकटाच उरला होता. आणि फार लांब कशाला जाऊ? माझ्या लग्नातही ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलंच. सगळे कौतुकाने पाहत होते. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही मला ठाऊक आहे. पण त्यानंतर बँकेचं पासबुक एका नावाचं, पदवीचं प्रमाणपत्र दुसऱ्या नावाचं, आणि शाळेत नोकरीला लागताना ‘या दोघी एकच’ म्हणून प्रतिज्ञापत्र! ते टाइप करणाऱ्याने सहज विचारलं, “बाई, खरं नाव कुठलं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं. चांगली गोष्ट झाली. पण आईचं नावच दोन असली तर त्यांतलं कुठलं लिहायचं, हा प्रश्न घराघरांत येणार आहे. म्हणून मुलींनो, एवढं लक्षात ठेवा की लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. हौस म्हणून बदलायचं तर जरूर बदला. पण ते कागदोपत्री नीट करून घ्या, आणि स्वतःच्या मनाला विचारून करा.

बारशाच्या आदल्या रात्री हे सगळं मी घरात सांगितलं. माझं भाषण लांबलं, कढी दोनदा गरम करावी लागली. मामेसासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “माझं माहेरचं नाव नर्मदा.” त्यांच्या यजमानांनीही ते नाव विसरून जमाना झाला होता. त्यानंतर वादाला काही उरलंच नाही. जन्मदाखल्यावर ‘इरावती’ लागलं. घरात सगळे ‘इरा’ म्हणतात. हे दोन अक्षरी नाव आजकाल बालवाडीत बरंच ऐकू येतं, त्यामुळे दीरही खूश. फोडणी करपत नाही, म्हणून सासूबाईही खूश.

तुमच्या घरी पाळणा हलणार असेल तर घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. वर्षभरात ते विनाशुल्क घालून घेता येतं, नंतरही शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेवढ्या अवधीत नावाचा अर्थ बघा, मोठ्याने चार वेळा हाक मारून बघा, आणि बाळाच्या आईला सगळ्यांत आधी विचारा. आणि हो, घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिचं माहेरचं नाव एकदा विचारून ठेवा. सांगताना तिचा चेहरा कसा होतो ते पाहा.