एसएचच्या खुर्चीत बसलेल्या बॅशला

चि. बॅश यास,


1989 साली ब्रायन फॉक्सनं ग्नू प्रकल्पासाठी तुला लिहिलं, तेव्हा स्टीफन बोर्नचं मूळ शेल बाहेर पडून दहा वर्षं झाली होती. बाण दाबला की मागची कमांड हजर, टॅब दाबला की फाइलचं नाव पूर्ण, ही सवय आम्हाला तू लावलीस. त्याबद्दल तक्रार कसली!

तक्रार आहे ती /बिन/एसएचची, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या सिस्टिमच्या ठरलेल्या शेलच्या जागेची. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी त्या खुर्चीत तुलाच बसवलं. एसएच म्हणून हाक मारली की तू पॉझिक्स मानकाचे नियम पाळतोस खरा, पण समोर त्या नियमांत नसलेला [[ आला, अ‍ॅरे आला, तरी मुकाट्यानं चालवून घेतोस. कुणी अडवतच नाही म्हटल्यावर, पहिल्या ओळीत एसएच लिहायचं आणि खाली खुशाल तुझी बोली वापरायची, असा रिवाजच पडला.

2006 मध्ये उबुंटूनं 6.10 आवृत्तीत ती जागा डॅश नावाच्या शेलला दिली. छोटा, चपळ गडी; मशीन लवकर बूट व्हावं हा हेतू. आणि झाकली मूठ उघडली. ‘[[: नॉट फाउंड’ अशी ओरड झाली तर बरं, निदान कळतं. खरा घात केला &> नं. तू त्याचा अर्थ घेतोस की आउटपुट आणि एरर दोन्ही फाइलमध्ये टाक. डॅश तेच दोन तुकड्यांत वाचतो: & म्हणजे कमांड बॅकग्राउंडला धाड, > म्हणजे फाइल रिकामी करून ठेव. कुरकूर शून्य. हे ‘इफ’च्या अटीत लिहिलं असेल तर अट कायम खरी ठरते. बॅकअप तपासणारी स्क्रिप्ट अशी असली, तर बॅकअप झालाच नसला तरी ती ‘सगळं ठीक’ म्हणत राहणार.

(त्या बदलाचा एक फायदा मात्र झाला. 2014 मध्ये तुझ्यात शेलशॉकचं भोक सापडलं, तेव्हा एसएच म्हणून डॅश वापरणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी वाचली.)

लिनक्सबाहेर, फ्रीबीएसडीवर तर तू मूळ सिस्टिममध्ये नाहीसच. पॅकेज टाकलं तर /यूएसआर/लोकल/बिनमध्ये सापडतोस. तिथे /बिन/बॅश लिहिलेली स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला आपटते. मॅकवर तू आहेस, पण 3.2 वर अडकलेला. चौथ्या आवृत्तीपासून तुझा परवाना जीपीएल 3 झाला, तो अ‍ॅपलनं स्वीकारला नाही, आणि 2019 मध्ये नव्या वापरकर्त्यांसाठी झेडशेल आणलं. तुझ्या चौथ्या आवृत्तीतला ‘डिक्लेअर -ए’ (कॅपिटल ए) तिथे चालतच नाही.

एक कर. एसएच म्हणून बोलावलं की [[ ला साफ नकार दे. जुन्या स्क्रिप्ट मोडतील, लोक शिव्या घालतील, घालू देत. ज्यांना तूच हवा आहेस त्यांनी पहिल्या ओळीत /यूएसआर/बिन/एन्व्ह लिहून पुढे तुझं नाव घालावं. मग पाथमध्ये जिथे असशील तिथून तुला शोधून काढता येईल.

तुझा,
एक जुना सिस्टिम अ‍ॅडमिन