दाढीचं पद

आजोबा रविवारी दाढी करत आणि दाढी करताना एक पद म्हणत. एरवी ते गात नसत, आरतीतही नुसते ओठ हलवत. नगरच्या माळीवाड्यातल्या आमच्या घराच्या ओसरीत खिडकीच्या गजाला आरसा टांगायचा, पितळी वाटीत कढत पाणी, आणि गालावर फेस चढला की सुरुवात. वस्तरा गालावर असेपर्यंत आवाज मोकळा. हनुवटीशी आला की गाणं थांबे. नाकाचा शेंडा चिमटीत धरून वरच्या ओठावरून वस्तरा फिरे तेव्हा तर घरातली सगळीच गप्प. मग पद पुन्हा सुरू होई, पण सोडलं होतं तिथून नव्हे, चार शब्द पुढून. मधले शब्द त्यांनी मनात म्हणून टाकलेले असत. मी पायरीवर बसून ऐके. मला ते पद पाठ झालं ते असं, भोकांसकट.

कुठलं पद म्हणून विचारलं तर म्हणत, "वीरतनयातलं." बस. वीरतनय हे त्यांच्या कुणा दोस्ताचं नाव असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पुढं पेटीच्या क्लासला घातलं. तिथं नाट्यसंगीत म्हणजे दहा-पंधरा पदं. 'मानापमान'ची दोन-तीन, 'स्वयंवर'ची तेवढीच, 'संशयकल्लोळ', आणि वरच्या वर्गातल्या मुलांना 'कट्यार काळजात घुसली'. स्पर्धेत तीच, गणपतीत तीच, आकाशवाणी पुण्यावर सकाळी लागली तर तीच. एकदा मास्तर खुशीत होते म्हणून मी आजोबांचं पद म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "राग कळत नाही ते एक वेळ जाऊ दे. पण बाळ, मधे मधे ताल कुठं जाऊन येतो?"

आजोबांच्या वस्तऱ्याला, असं सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी, शाळेत नोकरीला लागल्यावर, जिल्हा वाचनालयात हे कोडं थोडं सुटलं. वाचनालय १८३८ चं. तिथं जुन्या नाटकांच्या बांधीव गठ्ठ्यात 'वीरतनय' हाताला लागलं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं पहिलं नाटक, १८९६ साली किर्लोस्कर मंडळींनी रंगभूमीवर आणलेलं. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे तेच हे कोल्हटकर. गडकरी ज्यांना गुरू मानत ते. मी उभ्या उभ्याच पानं उलटली. आजोबांचं पद तिसऱ्या की चौथ्या खेपेला सापडलं, कारण त्यांच्या तोंडी दोन शब्दांचं एक झालं होतं. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ होती: 'चाल', आणि पुढं कुठल्याशा उर्दू गाण्याचे पहिले तीन शब्द.

आपल्या जुन्या संगीत नाटकांत स्वरलिपी नसते. असते ती ही ओळ. कधी राग-ताल, कधी नुसती चाल, आणि चाल म्हणजे दुसऱ्याच एका गाण्याचं नाव. ते तुम्हाला येत असणार, हे लेखकानं गृहीत धरलेलं. १८९६ च्या प्रेक्षकाला येतही असेल. आता मात्र पत्ता हातात आहे आणि ते गावच उठून गेलंय अशी गत. बरं, ते उर्दू गाणं शोधावं तर तेही कुणा पारशी नाटक कंपनीचं, आणि त्याच्याही डोक्यावर तिसऱ्याच गाण्याचं नाव असायचं.

मग मला जुनी नाटकं उघडून फक्त चालींच्या ओळी वाचायची खोड लागली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' केलं तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, लावणीची वळणं, शिवाय कानडी मुलखातल्या चाली घेतल्या. त्या जगल्या, कारण कीर्तन जगलं. आमच्या नगरच्या देवळांत बुवा अजून दिंडी म्हणतात. खाडिलकरांच्या 'मानापमान'ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी आणि 'स्वयंवर'ला १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. त्यांच्यामागं रागदारीच्या चिजा होत्या, चिजांमागं घराणी होती. त्याही जगल्या. मधल्या मधे कोल्हटकर सापडले. त्यांनी पारशी कंपन्यांच्या नाटकांतल्या चटपटीत चाली उचलल्या. तेव्हा ती नवी हवा होती, पुढं सिनेमाची गाणी झाली तशी. हवा गेली तशा चालीही गेल्या. चाल कुणाच्या खांद्यावर बसलीय त्यावर तिचं आयुष्य ठरतं, असं मला या उद्योगात दिसलं.

एक कबूल करते. 'वीरतनय' मी पुढं सबंध वाचलं, आणि घाम फुटला. कथानकाचा गुंता सोडवता सोडवता आपण कुठं होतो हेच विसरतं, आणि कोट्या तर पाठोपाठ इतक्या की हसून व्हायच्या आत पुढची येऊन आदळते. पुन्हा कुणी करत नाही यात करणाऱ्यांचा फार दोष नाही. पण नाटक विसरलं म्हणून त्यातली पदंही विसरायची? आजोबांना तरी नाटक कुठं आठवत होतं? नायकाचं नाव विचारलं तर तेही सांगता आलं नसतं.

पुस्तकात चाल मिळेना म्हणून मी तबकड्यांकडे वळले. किर्लोस्कर मंडळींतला सगळ्यांत गाजलेला गळा भाऊराव कोल्हटकरांचा. ते १९०१ च्या फेब्रुवारीत वारले. ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गनं आपल्या देशातली पहिली ध्वनिमुद्रणं कलकत्त्यात केली ती नोव्हेंबर १९०२ मध्ये. एकवीस महिन्यांनी हुकलं. भाऊरावांबद्दल पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. ऐकायला एक सूर नाही.

एका भंगारवाल्याकडे मला तबकड्यांची एक पेटी मिळाली. एक्केचाळीस निघाल्या, त्यातल्या सात फुटलेल्या. लाखेच्या त्या जड तबकड्या 'जपून' म्हणेपर्यंत तडकतात. शिवाय चावीचा एक फोनोही घेतला. त्याची स्प्रिंग बदलायला लागलेले पैसे घरात अजून कुणाला खरे सांगितलेले नाहीत. 'वीरतनय' पेटीत नव्हतंच. पण जे निघालं त्यानं मला क्लासातल्या दहा-पंधरा पदांच्या अंगणातून बाहेर काढलं. वीर वामनराव जोशांचं 'रणदुंदुभी', १९२७ चं, वझेबुवांच्या चाली आणि दीनानाथ मंगेशकरांचा आवाज. ती तान विजेसारखी येते आणि आपण वळून बघेपर्यंत गेलेली असते. बालगंधर्वांचीही अशी पदं निघाली, जी स्पर्धेत कुणी घेत नाही, कारण त्यात टाळ्यांची जागा नाही.

तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. रंगभूमीवर तेच पद वन्समोअर घेत घेत अर्धा तास चाले, असं म्हातारी माणसं सांगत. विजेचा मायक्रोफोन यायच्या आधी, म्हणजे साधारण १९२५ पर्यंत, गाणाऱ्यानं भोंग्यात तोंड घालून गायचं, आणि तबल्याचा नुसता ठोका कुठूनसा यायचा. गतीचाही घोळ. सगळ्या तबकड्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्याच म्हणायच्या, पण जुन्या काही सत्तरच्या पुढं-मागं भरलेल्या; तशाच लावल्या तर धीरगंभीर गायक मुंज न झालेल्या मुलासारखा गातो. मी पेटी घेऊन बसे, गतीचा खटका सूतभर मागं घेई, आणि आवाज एकदाचा माणसाचा झाला आणि पेटीच्या एखाद्या पट्टीशी मिळाला की तिथं खडूनं खूण करी. ही खूण बरोबर कशावरून? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण रात्रीच्या साडेदहाला, घर झोपल्यावर, पंचम पंचमाला लागला की पटायचं.

याच सुमाराला भाचा लंडनला गेला. माझं वेड त्याला ठाऊक. त्यानं तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 'डोरथी' नावाच्या संगीतिकेची वही घेतली आणि पानांचे फोटो पाठवले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा हलकाफुलका ऑपेरा, १८८६ चा, आल्फ्रेड सेलिए या गृहस्थानं स्वरबद्ध केलेला. पहिल्याच फेरीत सलग ९३१ प्रयोग. गिल्बर्ट-सलिव्हन जोडीच्या जगप्रसिद्ध 'मिकाडो'चे झाले होते ६७२. आज 'मिकाडो' सगळ्यांना माहीत आणि 'डोरथी' वेड्यांपुरती. अगदी आपलंच. पण वहीत सगळं होतं. गाण्याची ओळ, खाली पियानोची ओळ, कुठं हळू, कुठं जोरात, कुठं श्वास. भाचा म्हणाला, "मावशी, पियानो येणारा कुणीही हे आज रात्री वाजवू शकतो." मला हेवा वाटला. मग शोधताना कळलं की त्याच जोडीचं पहिलं नाटक, १८७१ चं 'थेस्पिस', तिथं संवाद आणि गीतं शाबूत आहेत, संगीत जवळजवळ सगळं हरवलंय. तेव्हा जरा बरं वाटलं. चांगली भावना नव्हे ती.

आणखी एक जुळणी निघाली, तिचा उपयोग काही नाही. पुण्यात 'सौभद्र'चे पहिले तीन अंक झाले १८ नोव्हेंबर १८८२ ला, आणि लंडनच्या सॅव्हॉयमध्ये त्या जोडीचं 'आयोलांथी' लागलं २५ नोव्हेंबरला. बरोब्बर आठवड्यानं. इकडे सुभद्रा, तिकडे पऱ्या. दोघींना एकमेकींचा पत्ता नाही.

आता पदाकडे. नगरात चाली कुठून कुठं जातील याचा नेम नाही. शाहू मोडक इथलेच, १९१८ चे, ख्रिस्ती घरातले. १९३२ साली 'श्यामसुंदर'मध्ये शांता आपट्यांबरोबर पडद्यावर कृष्ण झाले आणि लोकांच्या लेखी कृष्णच राहिले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच गावात राहून देशी चालींवर ख्रिस्ती भजनं रचली. हे सगळं ठाऊक असूनही त्या दिवशी मी दचकलेच. शाळेतली माझी सहकारी, आम्ही तिला ताई म्हणतो, निवृत्तीनंतर आमच्याकडे आली होती. मी आत चहा टाकत होते आणि बाहेर ती खुर्चीत बसून उपासनेतलं एक भजन गुणगुणत होती. आजोबांची चाल. शब्द येशूचे, वळणं वस्तऱ्याखालची. मी गाळणं हातात घेऊन बाहेर आले. म्हटलं, "पुन्हा म्हणा." तिनं म्हटलं. कुठं थांबली नाही. हनुवटीशी जिथं खड्डा असायचा तिथून तिचा सूर सरळ वरच्या षड्जाला गेला आणि सावकाश पायऱ्या उतरून आला.

चाल तीच, की माझ्या कानाची ओढ? ताईच्या पुस्तकात भजनावर चालीची ओळ होती, पण तिथं तिसऱ्याच गाण्याचं नाव. अंतरा तर दोन्हींचा जुळतच नाही. ताई म्हणाली, आई असंच म्हणायची. तिची आई आणि माझे आजोबा एकाच गावात, एक वेस सोडून राहत होते.

गेल्या पावसाळ्यात मी ते पद भातखंडे पद्धतीनं वहीत उतरवायला घेतलं. दादरा धरला, मात्रा मोजून रेघा आखल्या. ताईच्या चालीनं खड्डे भरून निघतात, सम नीट येते. मास्तर असते तर म्हणाले असते, चला, ताल घरी आला. तशी एक प्रत केली, भाच्याला पाठवली. त्यानं पियानोवर वाजवून त्याचं ध्वनिमुद्रण धाडलं, आणि ते छान आहे.

दुसरी प्रत माझ्या वहीत आहे. तिच्यात हनुवटीच्या जागी पाच मात्रा आणि ओठाच्या जागी अकरा मात्रा नुसती अवग्रहाची चिन्हं काढली आहेत, आणि पदाच्या डोक्यावर, चालीच्या ओळीत, 'आजोबा, रविवार' असं लिहिलंय.