मनाई आणि मालकी

आमच्या वर्गांतील डोंबिवलीचा एक विद्यार्थी मध्यंतरीं पुस्तकें न घेतांच शाळेंत आला. कारण विचारतां म्हणाला, "सर, आमच्या इमारतीच्या जागेवर दुसऱ्याच कोणी मालकी सांगितली आहे. घर खालीं करण्याची नोटीस लागली, म्हणून आईनें पुस्तकें पेटींत भरून ठेवलीं." वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं, कारण तशी एक पेटी आमच्याही घरीं होती.

आमचें बालपण ठाण्यांतील एका चाळींत गेलें. चाळीखालच्या जमिनीस दोन धनी होते. दोघेही आपापले कागद दाखवीत. भाडें कोणास द्यावें हेंच भाडेकऱ्यांस कळेना. पुढें एकानें दुसऱ्यावर हुकूमनामा मिळविला आणि आम्ही सहावींत असतां एके सकाळीं बेलीफ ताब्याचें वॉरंट घेऊन दारांत उभा राहिला. आईनें स्टोव्ह विझविला; हंडेकळशा रस्त्यावर आल्या. दुपारीं वडील कोर्टांतून धांवत आले. त्यांच्या हातांत मनाई हुकमाची नक्कल होती. बेलीफानें ती वाचली, वॉरंटावर शेरा लिहिला आणि तो निघून गेला. सायंकाळीं चाळींत पेढे वांटले गेले.

येथेंच आमच्या मंडळींची चूक झाली. "पुढील हुकमापर्यंत ताबा जैसे थे ठेवावा" एवढेंच कोर्टानें म्हटलें होतें. परंतु मोठीं माणसें जागा आपलीच झाली असें समजून चाललीं. वकिलासाठीं काढलेली वर्गणी थकली, तारखांस कोणी जाईना. चौथ्या वर्षीं कोणीच हजर नसल्यामुळें अर्ज निकालांत निघाला, मनाई उठली, आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही कळव्यास नातलगांच्या घरीं गेलों. त्या चार वर्षांत आईनें एक पेटी कधींच रिकामी केली नव्हती. हुकमाचा अर्थ चाळींत तिला एकटीला कळला होता.

कायद्यांत ह्यास तूर्तातूर्त मनाई म्हणतात. ती देतांना न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात: अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनीं टिकणारी आहे काय, गैरसोय कोणाची अधिक, आणि आज थांबविलें नाहीं तर भरून न येणारी हानि होईल काय. खरा मालक कोण, हें तेथें ठरत नाहीं. पाडलेलें घर निकालानें पुन्हां उभें राहत नाहीं, म्हणून तोंवर थांबा, इतकाच त्याचा अर्थ.

१९८१ सालीं मुंबईच्या पदपथांवरील झोंपड्या हटविण्याचें सरकारनें ठरविलें, तेव्हांही प्रथम अशीच मनाई मिळाली होती. १० जुलै १९८५ रोजीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांच्या पीठानें निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कांत येतो, हें मान्य झालें. परंतु पदपथावर घर बांधण्याचा हक्क कोणास नाहीं, असेंही ठरलें. तथापि पाऊस सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, झोंपड्या हटवूं नयेत असें बजावलें. न्यायालयानें जागा दिली नाहीं, अवधि दिला.

अवधि मिळाला तरी कागद खोटा असल्यास तो खरा होत नाहीं. १९ नोव्हेंबर २०२४ रोजीं उच्च न्यायालयानें कल्याण-डोंबिवलींतील ६५ बेकायदा इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा हुकूम दिला. त्यांच्या बांधकामाच्या परवानग्या बनावट निघाल्या होत्या. तेथें घरें घेणाऱ्यांनीं पैसे मात्र खरे मोजले होते.

आमच्या विद्यार्थ्याच्या इमारतीस पुढें स्थगिती मिळाली. तो हर्षानें सांगूं लागला, तेव्हां आम्हीं विचारलें, "पुढची तारीख कधीं?" त्यास ती ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशीं वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहूनच तो आला. पालकांसही आमचें इतकेंच सांगणें आहे: अशी वेळ आल्यास मुलांचीं पुस्तकें पेटींतून बाहेर काढावीं, कोर्टाचे कागद पेटींत जपून ठेवावे, आणि तारीख चुकवूं नये.