सरवा आणि कोठार

जोंधळ्याची काढणी उरकली की मागं राहिलेली कणसं वेचायला बाया रानात शिरतात, तो सरवा. मराठी बायबलातही शब्द हाच. लेवीय, अध्याय १९: शेताचा कडेकोपरा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला नि परक्याला राहू द्या. रूथ बेथलेहेमात जवाचा सरवाच वेचत होती.

गंमत म्हणजे या नियमात ना तलाठी, ना दंड. म्हणून ‘सरकारनं लुडबुड करू नये’ म्हणणारे ख्रिस्ती याच अध्यायावर बोट ठेवतात, आणि ‘हा गरिबाचा हक्क’ म्हणणारेही. मला दुसऱ्यांचं जास्त पटतं. नुसती दया असती तर मनात येईल त्यानं सोडलं असतं. इथं एकाही शेतमालकाला सूट नाही.

*

बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्यानं लोकांना बजावलं होतं: राजा हवाय ना, मग तो धान्याचा दहावा हिस्सा नेईल, पोरांना रथापुढं पळवील. करांवर चिडलेल्यांचा हा लाडका उतारा. दहावा हिस्सा! आज कुणीही आनंदानं भरेल.

*

१५ मे १८९१. पोप तेरावे लिओ यांचं ‘रेरुम नोव्हारुम’. समाजवाद साफ नाकारला, खासगी मालमत्ता उचलून धरली. आणि त्याच पत्रात सांगितलं की मालक-मजूर दोघं राजी झाले एवढ्यानं मजुरी न्याय्य ठरत नाही, काटकसरी कामगाराचं त्यात भागलं पाहिजे. श्रीमंताला स्वतःचं कुंपण असतं, सरकारनं आधी बिनकुंपणाच्याकडं बघावं. डावे-उजवे दोघेही हे पत्र अर्धंअर्धं वाचतात. २०२५ साली नव्या पोपनी लिओ हे नाव घेतलं, तेव्हा या पत्राचा हवाला दिला.

*

लिओंचं पत्र निघालं त्याच १८९१ साली, नोव्हेंबरात, ॲमस्टरडॅमच्या ख्रिस्ती सामाजिक परिषदेत अब्राहम कायपर बोलले. कॅल्व्हिनपंथी पाळक, पक्षाचे पुढारी. नुसत्या भिक्षेनं भागणार नाही, समाजाची रचनाच चुकली आहे, असा सूर. १९०१ मध्ये पंतप्रधान झाले. १९०३ मध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, तर यांनी रेल्वेतल्या संपावर बंदीचा कायदा आणला.

*

योसेफावरची प्रवचनं बहुतेक उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात थांबतात. सुकाळाची सात वर्षं, पाचवा हिस्सा कोठारात, मग दुष्काळ, आणि देश वाचला. दूरदृष्टीचा मंत्री!

४७ वा अध्याय फारसा कुणी उघडत नाही. कोठारातलं धान्य फुकट वाटलेलं नाही, विकलंय. रयतेच्याच शेतातून गोळा केलेलं रयतेलाच. आधी पैसा संपला. मग गुरं, घोडी, गाढवं फारोकडं गेली. पुढच्या वर्षी लोक येऊन म्हणाले, आता देह आणि जमीन एवढंच उरलंय. तीही घेतली. बियाणं दिलं, ते पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा फारोला, या करारावर. लोकांनी तरी आभारच मानले. जीव वाचला होता, हेही खरंच.

सरकारी गोदाम हवंच, मी त्याच बाजूचा. फक्त पाळकसाहेबांनी योसेफाचं नाव काढलं, तर त्यांना त्या अध्यायातलं २२ वं वचन मोठ्यानं वाचायला सांगा. सगळ्या मिसर देशात एकाच वर्गाची जमीन सुटली, त्यांना फारोकडून शिधा बांधलेला होता. पुजाऱ्यांची.